आत्याच्या चुलीवरचा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. मित्रांनो, तुंबा म्हणजे काय असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. कडू भोपळा वाळवून, आतून पोखरून त्याचं भांडं केलं की त्याला तुंबा म्हणतात. पोट मोठं, मान बारीक आणि रंग धुरानं काळाकुळकुळीत, असा माझा थाट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढची हकिकत हसण्यासारखी नाही.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या जळक्या शेतात झाला. तिथली शेतीची रीत निराळी होती. लोक रानातला एक तुकडा निवडत. त्यातली फळझाडं राखत आणि बाकीची गुडघ्याएवढे खुंट ठेवून तोडत. तोडलेलं वाळलं की कडेचा पाला झाडून घेत, म्हणजे आग शेजारच्या रानात शिरत नसे. मग सगळं पेटवून देत. राख गार झाली की काठीनं भोकं पाडून त्यात बी टाकत. दोन-तीन हंगाम पीक घेतलं की तो तुकडा सोडून पुढच्या तुकड्याकडे वळत. मागे खुंटांना धुमारे फुटत, रान पुन्हा माजे, आणि झाडं मांडीएवढी जाड होईपर्यंत तिकडे कोणी कोयता नेत नसे. अशाच एका काळ्या खुंटावर माझा वेल चढला होता.

मला तोडलं ते आत्याच्या वडिलांनी. आत्या म्हणजे लग्न न करता माहेरीच राहिलेली, या घरातली थोरली बाई. घरचा कारभार आता तिचा भाचा बघतो, आणि त्याच्यासारखीच सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. वडिलांनी माझ्यातला गर काढला, मला वाळवलं, मक्याच्या कणसाचं बूच बसवलं आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलं. धुरामुळे किडा माझ्या वाऱ्याला उभा राहत नसे. माझ्या पोटात मका, नाचणी, तीळ, काकडी आणि लाल ठिपक्यांची चवळी अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदानं राहत. त्यांतली चवळी माझी लाडकी. पाऊस रुसला तरी ती शेंगा धरायचीच.

वडिलांमागे मी आत्याच्या ताब्यात आलो. पेरणीआधी ती मला कानाशी धरून हलवायची. "ही नाचणी... ही चवळी... काकडी यंदा कमी आहे," असं नुसत्या आवाजावरून सांगायची. वस्तीत कोणाचं बी वाया गेलं की तो सरळ आमच्या दारात येई. आत्या त्याला मूठभर देई आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणे, "हा आहे तोवर काळजी नाही." मित्रांनो, माझी छाती तेव्हा किती फुगत असेल! भोपळ्याला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण फुगायची.

मग दिवस पालटले. माणसं वाढली, तुकडे लहान झाले. पोटाची घाई असल्यामुळे रानाला पुरती विश्रांती मिळेना. झाडं मनगटाएवढी होताच लोक ती तोडू लागले. राख पातळ पडे आणि कणसं बारीक येत. त्यातच डांबरी रस्ता आला आणि रस्त्यावरून रबराची रोपं आली. भाच्यानं सगळ्या उतारावर रबर लावलं. त्याला नावं ठेवू नका. त्याला घरावर चांगलं छप्पर हवं होतं, आणि ते झालंही.

रोपं लहान होती, ओळींमधून भरपूर ऊन खाली येत होतं. भाच्याची बायको, म्हणजे या घरची सून, बोलायला बिचकणारी नव्हती. ती आत्याला म्हणाली, "आत्याबाई, झाडं वाढेपर्यंत मधल्या जागेत आपलं बी पेरू या का? जमीन मोकळीच तर आहे."

"रबराच्या पायाशी?" आत्या उसळली. "हे राखेतलं बी आहे गं. रान पुन्हा आपलं होईल तेव्हा पेरीन मी. तोवर तुंब्याला हात लावायचा नाही."

"पण इतकी वर्षं टिकेल का ते?"

"माझ्या हातचं बी आहे. टिकेल."

सुनेनं विषय सोडला. आत्या बियांच्या मानासाठीच भांडत होती, म्हणून तिचा राग करणं मला अजूनही जमत नाही. पण मला तोंड असून बूच होतं. बी आत जिवंत असतं, श्वास घेतं, थकतं, हे मी तिला कसं सांगणार?

पुढे घरात गॅस आला. चूल परसात गेली आणि मी कपाटावर. धूर तुटला. रबराची झाडं एकमेकांना भिडली, खाली सावली झाली. आत्या अधूनमधून मला पुसायची, हलवायची आणि समाधानानं परत ठेवायची. आवाज तर येतच होता.

मग रबराचा भाव असा कोसळला की चीक काढायची मजुरीही सुटेना. भाच्यानं काही ओळी तोडल्या, पाला झाडला, तुकडा जाळला. "आत्या, काढ तुझा तुंबा," तो म्हणाला. आत्यानं नवं लुगडं नेसून मला शेतात नेलं. तिनं स्वतः भोकं पाडली, स्वतः बी टाकलं.

पाऊस चांगला झाला. तण उगवलं, खुंटांना धुमारे फुटले. माझ्यातलं काहीच उगवलं नाही. आत्यानं एक भोक बोटानं उकरलं. चवळी तळहातावर घेतली, चिमटीत धरली, तर तिचं पीठ झालं.

सून तिला एका शब्दानं बोलली नाही. पायात चपला घातल्या आणि चवळी मागायला घरोघर फिरली. डोंगरापलीकडच्या वस्तीतही गेली. संध्याकाळी रिकाम्या ओच्यानं परत आली.

"काय म्हणाले?" आत्यानं विचारलं.

"म्हणाले, आम्ही कशाला ठेवू? तुमच्या आत्याकडे असणारच की."

त्या रात्री आत्या जेवली नाही. सकाळी तिनं मला सुनेच्या हातात दिलं. "यात जे भरशील ते दर साली रिकामं करत जा," एवढंच म्हणाली.

आता त्या तुकड्यात फळझाडं आहेत, त्यांच्या मधे मका आणि नाचणी आहे, उरलेल्या रबराच्या सावलीत आल्याचं पीक आहे. बी बाजारातून आणलेलं आहे. सून मला दरवर्षी भरते आणि दरवर्षी रिकामं करते. लाल ठिपक्यांची चवळी मात्र पुन्हा कुठे दिसली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी जपून ठेवलेलं काही असेल, तर ते खाली काढा, वापरा, दुसऱ्यालाही द्या. आणि शेजाऱ्याकडे असेलच, असं धरून बसू नका. शेजारीही तेच म्हणत असतो.

आत्या आता फार थकली आहे. तरी पेरणीआधी ती मला मागून घेते, कानाशी धरते आणि हलवते. "हा मका... ही नाचणी..." म्हणते. मग थोडा वेळ मला तसंच कानाशी धरून ठेवते.