हनुवटी जरा खाली

माझ्या कॅमेऱ्यासमोर आजवर एकाही माणसाने डोळे मिटलेले नाहीत. पंचवटीत आमचा शुभांगी फोटो स्टुडिओ एकतीस वर्षं चालला. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, दहावीचे फॉर्म, सगळं धरून दोन-तीन लाख डोळे तरी माझ्यासमोरून गेले असतील, आणि सगळे टक्क उघडे. फोटोतलं नवीन काही मला शिकवेल असा माणूस नाशिक जिल्ह्यात नाही, हे मी कॉलेजात ॲडमिशन घेतानाच काउंटरवर सांगून टाकलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बरं काका, इकडे बघा," आणि तिने आयकार्डासाठी माझा फोटो काढला. आठवड्याने कार्ड आलं. त्यात माझे डोळे मिटलेले होते.

स्टुडिओ मोबाइलने बंद पाडला. त्यानंतर मी तीन महिने घरी बसलो. मग शुभांगी, म्हणजे बायको, म्हणाली, "अहो, मी फोडणी देताना उजेड कुठून यायला पाहिजे ते सांगू नका. कुठंतरी जा." मी कॉलेजात गेलो. सामाजिक छायाचित्रणाचा एक वर्षाचा डिप्लोमा. वर्गात एकवीस पोरं-पोरी आणि छप्पन्न वर्षांचा मी. शिकवायला आरोही मॅडम, वय अठ्ठावीस.

पहिल्याच आठवड्यात भाजीबाजाराचे फोटो काढून आणायचे होते. मॅडमनी माझे फोटो पडद्यावर लावले.

"काका, ह्या मावशींनी मेथीची जुडी अशी छातीशी का धरलीय?"

"मीच सांगितलं. हात रिकामे बरे दिसत नाहीत."

"आणि हा हमाल? पोत्यावर कोपर टेकून गालाला बोट लावून कुठं बघतोय?"

"दूर," मी म्हणालो. "तो पोझ नंबर चार आहे, मॅडम."

मॅडमनी पडद्यावरचा फोटो बंद केला. मग त्यांनी सगळ्या वर्गाला समजावलं, की आपण माणसांना उभं करत नाही, माणसं जशी आहेत तशी टिपतो. पोरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर्षाअखेरीला मी नापास झालो. शेरा होता, 'प्रत्येक व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहे, बैलासह.'

दुसरी संधी एकदाच मिळते. एक विषय, दहा फोटो, त्यांचं प्रदर्शन, आणि बाहेरून येणारा परीक्षक. एक जरी पोझ दिसली तरी घरी. आता खरं सांगतो, मला त्या सर्टिफिकेटचं काही नव्हतं. एकतीस वर्षं माझे फोटो लोकांच्या भिंतींवर लागले. खाली नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, लग्नाची तारीख. माझं नाव एकाही फोटोखाली नाही. एकदा तरी भिंतीवर फोटो लागावा आणि खाली सोमनाथ खैरनार असं लिहिलेलं असावं, एवढंच होतं.

निफाडकडे नाथाभाऊंची द्राक्षबाग आहे. त्यांचं लग्न मीच काढलेलं. हंगामात त्यांच्याकडे सुरगाण्याकडची अकरा माणसांची टोळी येऊन राहते. मंगळू त्यांचा मुकादम, भागीबाई त्याची बायको. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचं काम, दिवसभर मान वर आणि हात वर. मी म्हटलं, हाच विषय. आणि मोठी चूक केली. फोन करून कळवलं, की सोमवारी फोटो काढायला येतोय.

सोमवारी बागेत एकही माणूस कामावर नव्हता. सगळे बांधावर ओळीने उभे. बायका लग्नातल्या साड्यांत, मंगळूच्या डोळ्यावर गॉगल, कपाळावर टिळा. मागे ट्रॅक्टर धुऊन ठेवलेला आणि त्यावर सफारी घालून नाथाभाऊ स्वतः.

"अहो, असं नाही," मी म्हणालो. "सहज राहा."

"सहज म्हंजे उभं का बसून?" मंगळूने विचारलं.

भागीबाई पुढे आली. "भाऊ, तू आधी सांग, रडका पाहिजे का हसरा?"

"म्हणजे?"

"मागल्या साली च्यानलवाले आले व्हते, त्यांना रडका पाहिजे व्हता. मी लय चांगला दिला, तीनदा दाखवला त्यांनी टीव्हीला. मग हापिसातली मॅडम आली, तिला हसरा. तुला कोणता?"

"कुठलाच नको. जसा आहे तसा."

भागीबाईने मंगळूकडे बघितलं. "तसा तर घरी बी दिसतो," ती म्हणाली. "त्याचा फोटू कोण काढतं?"

दुसऱ्या वेळी मी न कळवता गेलो. सगळे कामात होते. वेलींच्या मांडवातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडलेलं, कात्र्यांचा किट-किट आवाज. काय सांगू, उजेड असा होता की देवाने लावून दिल्यासारखा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "रेडी! हनुवटी जरा खाली! स्माईल!" अकरा हनुवट्या खाली गेल्या. मी तोंडावर मास्क लावला. तरी निघालं. ओठ दाताखाली धरले. तरी निघालं. एकतीस वर्षं बोट आणि तोंड जोडीने काम करत आलेली, एकाला दाबलं की दुसरं वाजायचंच.

नव्या बॅचच्या वर्गात हे सांगितलं तर स्नेहल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, सोप्पंय. तोंडात पाणी धरा."

तिसऱ्या वेळी बागेच्या कडेला मोटरसायकल लावली, बाटलीतून दोन्ही गाल भरून पाणी घेतलं आणि आत शिरलो. कॅमेरा सलग फोटो काढण्यावर लावला, म्हणजे बोट दाबून धरलं की खडखडखड निघत राहतात.

"आला का भाऊ," भागीबाई म्हणाली. "च्या घेतो?"

मी मान हलवली.

"बोलत का नाय?"

मी गालाकडे बोट दाखवलं. भागीबाई जवळ आली आणि माझा फुगलेला गाल बघून ओरडली, "अगं बाई, दाढ! मंगळू, भाऊची दाढ सुजली रं! दोन्ही अंगांनी सुजली!"

काम थांबलं. अकराच्या अकरा माणसं हातात कात्र्या घेऊन माझ्याभोवती जमली. मी जोरजोरात मान हलवली, तशी एक म्हातारी म्हणाली, "बिचाऱ्याला लय ठणका लागलाय." भागीबाईने बांधावरून कसला तरी पाला आणला आणि दगडावर ठेचला.

"आ करा," मंगळू म्हणाला.

मी केलं नाही.

"घाबरला तो. नाक धर त्याचं," भागीबाई म्हणाली.

तेवढ्यात काम का थांबलं ते बघायला नाथाभाऊ आले आणि नेमके माझ्यासमोर उभे राहिले. मंगळूने माझं नाक धरलं. माणूस नाक बंद करून किती वेळ तोंड मिटून राहील? ते सगळं पाणी नाथाभाऊंच्या तोंडावर. मी तोल जाऊन मागे, सरीत पाठीवर, आणि बोट कॅमेऱ्यावर दाबलेलं ते दाबलेलंच.

चौदा फोटो निघाले. दहाच पाहिजे होते.

जमीन वाकडी, आभाळ वाकडं, आणि त्या वाकड्या जगात अकरा माणसं हसतायत. मंगळू वेलीला लटकून हसतोय. म्हातारी खाली बसलीय. नाथाभाऊंचा फक्त एक ओला कान. आणि मधोमध भागीबाई, मान मागे टाकलेली, तोंड सताड उघडं, डाव्या बाजूच्या दोन दाढा नाहीत ते स्पष्ट दिसतंय, कात्री छातीशी.

मॅडम फोटोंकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, हे तुम्ही काढलेत?"

"हो."

"कसे?"

"अनुभव," मी म्हणालो.

प्रदर्शनात माझा तो भागीबाईचा फोटो सगळ्यात मोठा होता, चार फूट बाय सहा फूट, उभ्या लाकडी पॅनेलवर. खाली पांढऱ्या पट्टीवर माझं नाव. परीक्षक मुंबईहून आलेले. ते फोटोसमोर उभे राहून मॅडमना म्हणाले, "इतका निर्व्याज क्षण मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. पोझचा मागमूस नाही. चहा घेतो आणि मार्क भरतो." आणि पॅनेलच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले. पॅनेलच्या खालून मला फक्त त्यांचा पाय दिसत होता, समाधानाने हलणारा.

तेवढ्यात नाथाभाऊंच्या पिकअपमधून टोळी आली. मीच बोलावलं होतं. सगळे पुन्हा लग्नातल्या कपड्यांत. भागीबाई फोटोसमोर थांबली. हसली नाही.

"ही मी?"

"तुम्हीच, भागीबाई. सगळ्यात भारी आलाय."

"भाऊ, येवढं तोंड? दाढा मोजून घ्या म्हणावं लोकांनी." मग ती हळू आवाजात म्हणाली, "लेकीला सांगून आले मी, आईचा फोटू मोठ्या हालमधी लागला म्हणून. ती उद्या सासूला घेऊन येतीय बघायला."

मी पुन्हा फोटोकडे बघितलं.

"नाथाभाऊच्या लग्नाचा आल्बम पाह्यलाय मी," ती म्हणाली. "त्यात तू त्यांच्या म्हशीला बी देखणी काढली. मग माझंच असं का?"

एकतीस वर्षांत माझ्या दुकानातून एकही बाई तोंड पाडून गेलेली नाही. भागीबाईने पदर डोक्यावर घेतला, दाढांच्या बाजूने नीट ओढला आणि उभी राहिली. "आता काढ. चांगला. मग तो लाव हितं."

दारात आरोही मॅडम दोन्ही हातांनी नाही-नाही करत होत्या, आवाज न करता पॅनेलकडे बोट दाखवत. मी पट्टीवरचं माझं नाव बघितलं. भागीबाईकडे बघितलं. पिशवीतून कॅमेरा काढला.

"उंच मागे, बुटके पुढे," मी म्हणालो. "मंगळूशेठ, गॉगल काढा. आजी, हात मांडीवर. भागीबाई, मधे या, हनुवटी जरा खाली. वा!"

सगळे अगदी तयार होते. मीच शिकवलेले. फक्त मंगळूचा खांदा चौकटीत बसत नव्हता.

"मागची रांग, जरा मागे सरका," मी म्हणालो. "अजून. अजून थोडं, मंगळूशेठ."

मंगळू सरकला. पॅनेल मागे गेलं आणि परीक्षकांवर पडलं. त्यांचा चहा मार्कांच्या कागदावर सांडला. फोटो चांगला आला.