हट्टी आकडे

मित्रांनो, मला हलवले की आत खुळखुळ होते. तोच माझा आवाज. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कारखान्यात मला बिस्किटांसाठी घडवले होते, पण बिस्किटे आठवड्यात संपली आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला धुऊनपुसून बटणांसाठी ठेवून घेतले. माझे खरे आयुष्य तिच्या मशीनशेजारी सुरू झाले.

तिची मुलगी शाळेतून आली की मला जमिनीवर पालथे करी आणि बटणांच्या ओळी लावत बसे. बारा बटणांच्या सारख्या तीन ओळी होत, चारही होत. तेरा बटणे मात्र काही केल्या ऐकत नसत. ती एकाच लांब रांगेत उभी राहत. अशा आकड्यांना तिने नाव दिले, हट्टी आकडे. आई तिला आकडेबाई म्हणू लागली. शेजारचा इस्त्रीवाला म्हणे, या दुकानात कपडे उशिरा मिळतात, आकडे मात्र वेळेवर.

एकदा आकडेबाईने दोनदोन, तीनतीन, पाचपाच बटणे लावून पाहिली आणि एक्याण्णव हा आकडा हट्टी म्हणून वहीत लिहून टाकला. आईने मशीनवरून मान न वळवता म्हटले, "एक्याण्णव? तेरा शर्टांची बटणं झाली की ती." एका शर्टाला ती सात बटणे लावत असे. सातसातच्या तेरा ओळी बिनबोभाट लागल्या. मुलीचा चेहरा उतरला आणि मग दोघीही पोट धरून हसल्या.

आकडे वाढू लागले तसे हट्टी आकडे विरळ होत चालले. मुलीला काळजी वाटू लागली.

"आई, हे कधीतरी संपत असतील का गं?"

"मला काय ठाऊक? तू शीक आणि मला सांग. पण कागदावर नको, बटणं मांडून दाखव. कागदावरचं मला कळत नाही."

पुढे मुलगी दूरच्या शहरात गणित शिकायला गेली. उत्तर तिला पहिल्याच वर्षी मिळाले. आईने फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली की सुट्टीत आल्यावर दाखवते. पण तिच्यापुढे आता मोठमोठे प्रश्न होते. त्यांच्यापुढे हे उत्तर तिला फार सोपे वाटे, कधीही सांगता येईल असे. सुट्ट्या येत आणि आखूड होऊन जात. इकडे आईची नजर मंदावली. सुईत दोरा इस्त्रीवाला ओवून देई. मला मात्र ती कुणाला उचलू देत नसे. म्हणे, आकडेबाईला लागेल.

मग एका सकाळी मशीन सुरूच झाले नाही.

मुलगी आली. नातेवाईक पांगल्यावर ती मला घेऊन जमिनीवर बसली. मला किती वर्षांनी कुणी पालथे केले होते! तिने एकतीस बटणे मोजली आणि मशीनपुढच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून बोलू लागली.

"हे बघ आई. समज, दोन, तीन आणि पाच एवढेच हट्टी आकडे आहेत. त्यांचा गुणाकार तीस. त्यात एक बटण जास्तीचं घातलं. आता दोनदोन लाव, एक उरतं. तीनतीन लाव, एक उरतं. पाचपाच लाव, तरी एक उरतंच. म्हणजे ही बटणं सारखी लावणारा हट्टी आकडा आपल्या यादीत नाही, बाहेर कुठेतरी आहे; इथे तर एकतीस स्वतःच हट्टी निघाला. यादी कितीही लांब केली तरी असंच होणार. ते संपत नाहीत, आई."

पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, कुणी काही विचारेल म्हणून.

मित्रांनो, माझे झाकण गंजले आहे. त्याला तेल लावाल तर बरे वाटेल, पण त्याची घाई नाही. तुमच्या घरी कुणी एखादा साधा प्रश्न विचारून ठेवला असेल आणि तुम्हाला उत्तर सापडले असेल, तर ते सोपे आहे म्हणून मागे ठेवू नका. आजच जा, त्यांच्याजवळ जमिनीवर बसा आणि मांडून दाखवा. त्यांना ऐकायचे असते. मी फक्त ऐकू शकतो, मला मान हलवता येत नाही.