फुग्यातली अक्षरं

बाबांची सगळी कॉमिक्स मी सकाळी साडेनऊला रद्दीच्या गाडीत चढवली. साडेअकराला मला कळलं की त्यांच्याबरोबर बाबांचं बोलणंही गेलंय. आणि चार वाजता बाबांना न्यायला धाकटा भाऊ येणार होता. मधल्या वेळात मी जी धावाधाव केली तिच्यात मी कुठेही शहाणी दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाबा कॉमिक्समध्ये अक्षरं लिहायचे. चित्रं एकाची, गोष्ट दुसऱ्याची, पण पात्रांच्या तोंडाजवळ जो पांढरा फुगा असतो त्यातलं अक्षर बाबांचं. एकतीस वर्षं हेच केलं. साधं बोलणं बारीक टाकाने, ओरडणं जाड टाकाने, आणि फुगा लहान पडला तर लेखकाचं वाक्य परस्पर छाटून. प्रत्येक अंकाची एक प्रत घरी यायची. कपाटात, कपाटावर, पलंगाखाली, जिथे हात घालावा तिथे कॉमिक. आईने आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

सात महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण तोंडातून ‘ताता’ एवढंच यायचं. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसता गुंता. मान हलवायचे, पण त्या मानेचा काही भरवसा नव्हता. जेवायचंय? हो. भूक नाही का? हो. दिवा घालवू? हो. राहू दे? हो.

धाकट्याने तीन तासांवरची एक संस्था शोधून काढली. आजारी म्हाताऱ्यांना तिथे नीट सांभाळतात म्हणे. त्याने बाबांना विचारलं, “याल ना तिथे?” बाबांनी मान हलवली.

“बघ ताई, हो म्हणाले.”

“विहिरीत उडी मारता का विचार, त्यालाही हो म्हणतील.”

“मग तू सांभाळ. दिवसभर घरी असतेस का?”

नसते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. सकाळपासून लोक माझ्यावर ओरडतात आणि मी लिहून घेते. घरी आल्यावर कोणी बोललं नाही तर मला बरंच वाटायचं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. महिनाभर आम्ही बहीणभाऊ फोनवर भांडलो आणि शेवटी मी गप्प बसले. बाबांना काय हवंय ते कोणालाच कळत नव्हतं, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं चाललं.

बाबा मात्र मी संध्याकाळी घरात शिरले की एखादं कॉमिक पुढे करायचे. पान उघडून, अंगठ्याने दाबून धरलेलं. मला वाटायचं, झटक्याने डोकं लहान मुलाचं झालंय, गोष्ट वाचून दाखव म्हणतायत. “उद्या हं, बाबा,” मी म्हणायची. असे दोनशे उद्या मी त्यांना दिले असतील.

संस्थेत एकच बॅग चालणार होती. खोलीला रंग द्यायचा होता. त्या दिवशी रजा काढून मी रद्दीवाल्याला बोलावलं. उशाशी बारा-तेरा अंक वेगळे रचून ठेवले होते, हाताशी होते म्हणून ते आधी उचलले. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आतला आवाज ऐकून ते “ताता, ताता” करत राहिले. मी त्यांना चहा नेऊन दिला.

साडेअकराला मावशी आल्या. बाबांना सांभाळायला ठेवलेल्या बाई. एरवी दिवसभर बाबांजवळ त्याच असत, आज मी घरी म्हणून उशिरा आल्या, आणि आज त्यांचा शेवटचा दिवस होता. दारातच थबकल्या.

“ताई, पुस्तकं कुठायत?”

“दिली. सुटले एकदाची.”

“सगळी? मग आता ते बोलणार कशाने?”

मला वाटलं मावशी गंमत करतायत. त्यांचा चेहरा बघितला आणि हातातला झाडू खाली ठेवला.

“अहो, सगळं पुस्तकातूनच सांगतात ते. मला हाक मारायची तर ‘कोण आहे तिकडे?’ असं पान. संडासला जायचं तर तो किल्ल्याबाहेरचा माणूस ओरडतो ना, ‘लवकर दार उघडा!’, तो. कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर काय आहे, सगळं पाठ. त्यांनीच लिहिलंय ना. रोजची लागतात ती उशाशी ठेवली होती.”

“मावशी, मला का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही लेक त्यांची.”

त्यांनी मग आणखी सांगितलं. जायचं ठरल्यापासून बाबा एक पुस्तक मांडीखाली धरून बसत. मावशींना दाखवत नसत. मी आले की काढत. कालही काढलं होतं. मी ते त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं होतं आणि सकाळी बाकीच्यांत टाकलं होतं. कुठलं होतं ते? मुखपृष्ठाचा रंगसुद्धा आठवेना.

बाबा गॅलरीतून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. “बाबा, जायचंय तुम्हाला? की नाही जायचं?” त्यांनी मान हलवली. दोन्हीला हलवली.

रद्दीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माल गोदामात उतरवला, दुपारी दाबायला घेतील. मी चपला उलटसुलट अडकवून धावत सुटले आणि कोपऱ्यावर पहिली मिळाली ती टॅक्सी पकडली.

गोदाम म्हणजे पत्र्याखालचं एक मैदानच होतं. एकीकडे पुठ्ठा, एकीकडे पांढरा कागद, एकीकडे रंगीत. मध्ये लोखंडी पेटीचं यंत्र. वरून जाड पाटा खाली यायचा आणि डोंगराएवढ्या कागदाचा कपाटाएवढा गठ्ठा होऊन तारेत बांधून बाहेर पडायचा. त्या यंत्रावर हातमोजे घातलेला एक माणूस होता. मी काय बोलतेय ते त्याला आधी ऐकूच आलं नाही, म्हणून मी ओरडले. खिडकीपुढची बाई झाले होते मी, आणि खिडकीमागे तो होता.

त्याने यंत्र थांबवलं. “सकाळचा रंगीत माल? अर्धा दाबला. तो बघा गठ्ठा.”

गठ्ठ्याच्या एका कडेला बाबांचं अक्षर दिसत होतं. जाड टाकाने लिहिलेलं ‘थांब!’, अर्धं तारेखाली गेलेलं.

“सोडा ना तो.”

“बांधलेला गठ्ठा सोडत नाही बाई. तार तुटली की कागद अंगावर येतो. माझा साथीदार डोळा घालवून बसलाय.” मग माझ्याकडे बघून त्याचा आवाज जरा खाली आला. “दोन वाजता पुढची खेप भरतो. तोवर ढिगातून काय काढाल ते तुमचं. त्यापुढे मला थांबता येत नाही.”

एक वाजायला दहा मिनिटं होती. मी ढिगात शिरले. साबणाच्या जाहिराती, कॅलेंडरं, औषधांची पत्रकं, दुसऱ्या कोणाकोणाची मासिकं. मला कॉमिक्सची नावं ठाऊक नव्हती. अक्षर ठाऊक होतं. माझ्या शाळेच्या वह्यांवर माझं नाव त्याच अक्षरात होतं. ते दिसलं की ओढत होते. बोटं कापली, नाकातोंडात धूळ गेली, पण थांबून शिंकायलाही भीती वाटत होती.

काही फुग्यांपाशी पेन्सिलीच्या थरथरत्या खुणा होत्या. एका सैनिकाच्या तोंडी होतं, ‘सांभाळ! पाठीत लागलंय!’ त्याच्यापाशी तीन खुणा. बाबांच्या पाठीला जखम व्हायला लागलीय हे मावशींना इतक्या लवकर कसं कळलं, याचं मला दोन महिने नवल वाटत होतं. ‘पाणी!’ ‘इथे फार थंडी आहे.’ ‘माझी मुलगी परत आली का?’ शेवटच्या वाक्यापाशी खुणा इतक्या होत्या की कागद झिजला होता.

दोनला त्या माणसाने शिट्टी मारली. मी आणखी एक ओढलं, आणखी एक. त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि यंत्र सुरू केलं. पोत्यात मोजून एकेचाळीस होती. सकाळी सहाशेच्या वर होती.

परतताना रस्ता तुंबला होता. टॅक्सीवाल्याला मी इतकं घायकुतीला आणलं की तो म्हणाला, तुम्हीच चालवा. मागच्या सीटवर पोतं मांडीवर घेऊन मी मनाशी सगळं ठरवत होते. बाबा ‘नाही’ म्हणतील. मग धाकट्याला मी परत पाठवेन, लांब रजा टाकेन, एकेक पान शिकेन. ते ‘नाही’ म्हणणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

घरी पोचले तर धाकटा आलेला. बाबांना कोट घालून बसवलं होतं, बॅग दाराशी.

“कुठे होतीस ताई? निघायची वेळ झाली. तुझा अवतार काय झालाय!”

मी पोतं पलंगावर रिकामं केलं. “बाबा, तिथे जायचंय की इथे राहायचंय? सांगा आता.”

“हा काय पोरखेळ लावलायस?” धाकटा म्हणाला.

“जरा थांबा, दादा,” मावशी म्हणाल्या. इतक्या करड्या आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

बाबा पुढे वाकले. डाव्या हाताने एकेक अंक बाजूला सारत गेले. सातवा की आठवा उचलला, मधलं पान काढलं आणि बोट ठेवलं. दारात गाठोडं घेतलेला एक म्हातारा होता. ‘मी निघतो. मला अडवू नकोस.’

मी ते पान मिटलं. “चुकून झालं असेल. परत सांगा, बाबा.”

त्यांनी दुसरा अंक घेतला. सिंहासनावरचा राजा, जाड टाकाची अक्षरं. ‘हाच माझा निर्णय आहे.’ बोट जराही हललं नाही.

धाकटा वळला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं होतं जिंकल्यासारखा हसेल, पण तो रडत होता.

“का पण?” मी विचारलं. “माझ्यावर राग आहे म्हणून? मला ओझं नको म्हणून? मी आता शिकेन ना. बाबा, का?”

बाबांनी पुन्हा शोधायला सुरुवात केली. उगाच चाळत नव्हते. अंक उचलायचे, नेमकं पान काढायचे, वाचायचे, हे नव्हे असं करून ठेवून द्यायचे. काय सांगायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकेचाळीस संपले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे बघितले. सव्वाचार झाले, साडेचार झाले, धाकट्याने घड्याळाचं नाव काढलं नाही. मग बाबांनी रिकाम्या पोत्याकडे बोट केलं. मी ते उलटं करून झटकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाकीची कुठायत असं विचारल्यासारखं.

“एवढीच आहेत, बाबा,” मी म्हटलं. “बाकीची मी दिली.”

त्यांनी हातातला अंक मिटला आणि उठवायला धाकट्यापुढे हात केला. मावशींनी बॅगेतले कपडे काढून त्या जागी एकेचाळीस अंक भरले, कपडे वेगळ्या पिशवीत घेतले. गाडी वळणावरून गेली तरी मी फाटकाशी उभी होते. ते रागावून गेले की माझी दया येऊन गेले, ते एका पानावर लिहिलेलं होतं, आणि ते पान सकाळी मीच माझ्या हाताने उचलून दिलं होतं.