एक ओळ वर

तिसरीच्या बाईंना शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती, आणि मुलांची आपल्याला चांगली पारख आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गणित आणि भाषेसाठी वर्गाचे तीन-तीन गट पाडायला सांगितलं तेव्हा त्या कुरकुरल्या नाहीत. चौतीस मुलांची दोन्ही विषयांची चाचणी घेतली. चित्रकलेच्या सरांनी गठ्ठ्यातला एकेक पेपर उचलून गुण वाचून दाखवले, बाईंनी ते हजेरीच्या क्रमाने यादीत भरले आणि यादीवरून गट केले. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून गटांना रंगांची नावं दिली: नारिंगी, पिवळा, हिरवा. मधल्या सुट्टीपर्यंत मुलांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता. हिरवे म्हणजे अजून कच्चे.

भाषेच्या हिरव्या गटात भिंगरी गेली. हे तिचं घरचं नाव, पण ती एका जागी ठरतच नसल्यामुळे शाळेतही तेच पडलं. हजेरीत तिचा नंबर एकोणीस. तिच्या आधीचा, अठरा नंबरचा मुलगा इतका गप्प असायचा की शिक्षकांच्या खोलीत त्याला सगळे मौनीबाबा म्हणायचे. तो नारिंगी गटात गेला. बाईंना जरा नवल वाटलं. पण गप्प मुलं आतून तल्लख असतात अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. भिंगरीचं काय, तिचं सगळं लक्ष बडबडीत.

दुसऱ्या आठवड्यात भिंगरीचे वडील भेटायला आले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. बोटांच्या पेरांत पितळेचा चुरा बसलेला. ते बिचकतच म्हणाले की संध्याकाळी ते किल्ल्या घासत असतात तेव्हा भिंगरी शेजारी बसून त्यांना जुनी मासिकं वाचून दाखवते, फारशी अडत नाही, मग हिरवा गट कसा? बाईंकडे उत्तर तयार होतं. घरी मुलं चित्रं बघून अंदाजाने ठोकून देतात, समजून वाचणं निराळं. त्यांनी यादीतल्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय." वेळ घेतल्याबद्दल माफी मागून ते गेले.

दीड महिन्याने दुसऱ्या शाळांचे शिक्षक ही पद्धत बघायला येणार होते. नमुन्यादाखल दोन-चार पेपर भिंतीवर लावावेत म्हणून बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला. भिंगरीच्या भाषेच्या पेपरवर पंचवीसपैकी तेवीस गुण होते. यादीत तिच्यापुढे नऊ. पेपर दुसऱ्याच कुणाचा असेल असं बाईंना आधी वाटलं, पण वर भिंगरीचंच नाव होतं आणि खाली तिचं ते उड्या मारणारं अक्षर. मग तेवीस कुठे गेले, तर मौनीबाबाच्या ओळीत. आणि मौनीबाबाचे स्वतःचे आठ गुण सतराव्या ओळीत. बाईंनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. सहाव्या नंबरपर्यंत सगळं जुळत होतं. सातव्यापुढे आठव्याचे गुण, आठव्यापुढे नवव्याचे.

मग त्यांना आठवलं. सात नंबरची मुलगी चाचणीच्या दिवशी तापाने घरी होती. तिची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली आणि तिचे पेपर गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले. सर गठ्ठ्याच्या क्रमाने वाचत गेले, बाई हजेरीच्या क्रमाने भरत गेल्या. शेवटी पेपरही संपले, ओळीही संपल्या, कुणाला काही खटकलं नाही. अठ्ठावीस मुलांपुढे भलत्याच मुलांचे गुण.

बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. लाज वाटत होतीच, पण त्याहून वेगळंच काहीतरी त्यांना उमगेना. दीड महिन्यात एकदाही शंका कशी आली नाही? मौनीबाबा वाचताना थांबला की तो विचार करतोय असं वाटायचं. भिंगरी थांबली की तिला येत नाही असं. वर्ग रोज डोळ्यांसमोर होता, मग आपण नेमकं बघत काय होतो?

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून दार लावून घेतलं. पाहुणे येऊन जाऊ देत, सहामाहीनंतर गुपचूप गट बदलून टाका, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंना ते पटलं नाही, आणि दुसरं काय करावं तेही सुचेना. निदान खरं काय ते कळावं म्हणून त्यांनी भाषेची चाचणी पुन्हा घेतली, आणि गोंधळ आणखी वाढला. भिंगरीला पंधरा पडले. ती आता प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून सुटं सुटं वाचत होती. मौनीबाबाला चौदा. बाकीची बरीचशी मुलं जिथल्या तिथे, दोघं-तिघं वर, एकजण काही कारण नसताना खाली. आता जुनी चाचणी धरावी की नवी?

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई भिंगरीच्या वडिलांच्या दुकानात गेल्या. भिंगरी स्टुलावर बसून पाटीवर अक्षरं गिरवत होती, शेजारी पहिलीचं बाराखडीचं पुस्तक. वडिलांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की बाई बोलल्या त्या दिवसापासून मासिकं बंद आहेत. पाया कच्चा तर पायापासूनच करायचं. रोज एक तास.

बाई वाटेत जुळवलेलं सगळं विसरल्या. "तिचा पाया कच्चा नाहीये," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी तिचे गुण दुसऱ्याच्या ओळीत भरले."

वडिलांनी हातातली कानस खाली ठेवली. बाई चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने आल्या होत्या, पण ते रागावले नाहीत.

"म्हणजे तिला वाचता येत होतं?"

"येत होतं."

"पण तुम्ही सांगितल्यावर मलाही ते अंदाजानेच वाटायला लागलं," ते म्हणाले. "त्यानंतर दोनदा तिचा शाळेतला धडा ऐकला मी. मला तसंच ऐकू आलं."

भिंगरीने विचारलं, मग पाटी पुसू का? वडिलांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी वडिलांकडे. शेवटी तिनेच फ्रॉकच्या टोकाने ती पुसून टाकली.

सोमवारी बाईंनी मोठ्या बाईंना सांगितलं की अठ्ठावीस घरांना त्या स्वतः चिठ्ठी पाठवणार आहेत. मोठ्या बाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर त्यांनीही सही केली. काही पालक येऊन भांडून गेले. मौनीबाबाची आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती, ती सुट्टी काढून आली आणि उलटंच बोलली. "हल्ली तो घरी येऊन गोष्टी सांगतो. राहू द्या ना ती चूक, बाई." बाईंनी त्याला हलवलं नाही. भिंगरीला नारिंगी गटात आणलं, तर तिथे ती पंधरा दिवस तोंडातून शब्द काढेना. मग एका सकाळी बोट न ठेवता तिने अख्खं पान वाचलं. दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा हजर. वार्षिक परीक्षेत तिला एकवीस पडले, मौनीबाबाला सोळा. मधे हे काही झालंच नसतं तर किती पडले असते, ते सांगायला कुणी नव्हतं.

वार्षिक परीक्षेच्या आधी एकदा भिंगरीच्या वडिलांनी वर्गात बसून बघू का, असं विचारलं होतं. बाईंनी त्यांना शेवटच्या बाकावर जागा दिली. गुडघे आत मावेनात म्हणून ते तासभर आडवे बसून ऐकत राहिले. निघताना म्हणाले, खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांत छान वाचते. ती हिरव्या गटातली होती. बाईंचा जीव पुन्हा धास्तावला. त्यांनी दुपारी तिला जवळ बोलावलं आणि पुस्तकातलं पुढचं पान उघडून दिलं. तिला एक ओळ धड वाचता येईना. सकाळचा धडा तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोंडपाठ होता. मैत्रिणीने दोनदा वाचलेला नुसता ऐकून.

वर्गात असं पाठांतर दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं. बाईंनी तिला जागेवर जायला सांगितलं, मग थांबवलं, मग पुन्हा जा म्हणाल्या.