एकाच मापाच्या चकत्या

बाबांची लघवीची पिशवी डॉक्टरांनी काढून टाकली, त्याला आता सहा आठवडे झाले. पिशवीत कॅन्सर होता. ती ठेवली तर बाबा राहणार नाहीत, असं त्यांनी सरळच सांगितलं. मग आतड्याचा एक तुकडा घेऊन पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, लघवीसाठी वाट काढून दिली. लालबुंद, जर्दाळूएवढी. तिथून लघवी थेंबथेंब येतच राहते, धरून ठेवता येत नाही. म्हणून त्यावर एक चिकट चकती लावायची. चकतीला मधोमध भोक आणि खाली प्लास्टिकची पिशवी. दर तीन-चार दिवसांनी सगळं बदलायचं.

हे सिस्टरने आम्हा बापलेकींना शेजारी बसवून शिकवलं. बाबांचा चेहरा इतका उतरला होता की त्यांना हलकं वाटावं म्हणून मी बोलून गेले, "त्यात काय बाबा, चिंगीचे लंगोट दिवसभर बदलतेच आहे, त्यात तुमचं एक." सिस्टर हसली. बाबाही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी बाथरूमची कडी आतून घातली, आणि पिशवी बदलायच्या वेळी मला एकदाही आत येऊ दिलं नाही.

चिंगी आठ महिन्यांची. तिला काखेत घेऊन मी त्या दाराबाहेर उभी राहायचे. आत नळ चालू, चिकटपट्टीचा चर्र आवाज, आणि मध्येच दातांमधून ओढलेला श्वास. "काही हवंय का?" असं विचारलं की "नको" एवढंच उत्तर.

बाबा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीची पोटं मापली. कुणाचं किती सुटलंय ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं, असं म्हणायचे. घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे बरे गेले. तासभर मशीनवर बसायचे, काजं करायचे. मग एक दिवस गल्लीतल्या शाळामास्तरांच्या कोटाचं माप घेता घेता चकती सुटली. विजार मांडीपर्यंत भिजली. मास्तर भला माणूस, खिडकीबाहेर बघत राहिला. बाबांनी टेप गुंडाळून ठेवला, आणि त्या दिवसापासून दुकानाची फळी उघडली नाही. शिंपी परगावी गेलाय, असं मी लोकांना सांगायचं, आणि बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ऐकत पडायचे. पाणी पिणं कमी केलं. चिंगीला मांडीवर घेणं तर बंदच झालं. ती रांगत खाटेपाशी गेली की पाय वर ओढून घ्यायचे. मला रोज एकच सांगणं, तुझा नवरा तिकडे हाताने करून खातोय, तू आपल्या घरी जा. मी एकटा बघेन माझं.

गेले असते, तर त्यांनी खरंच एकट्याने बघितलं असतं. हीच भीती होती.

मंगळवारी दुपारी चिंगी झोपली. तिच्या झबल्याचं बटण लावायला दोरा हवा होता, म्हणून मी दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलाचा खण उघडला. आत चकत्यांची चळत होती. सगळ्यांना भोकं कापलेली, एकसारखी, कडा अशा की मशीनने कापल्यात असं वाटावं. वर त्याच मापाचा पुठ्ठ्याचा गोल फर्मा. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी एका बैठकीत सगळ्या कापून ठेवल्या होत्या. माप एकदाच घ्यायचं आणि त्यावर सगळा माल बेतायचा, ही त्यांची पद्धत.

सिस्टरने सांगितलेलं मला आठवलं. सूज उतरते तसं पोटावरचं ते तोंड आकसत जातं, दर आठवड्याला नवं माप घ्या. मी ऐकलं होतं. पण दार बंद, म्हणून मीही विसरले होते. वाट लहान झाली होती, भोक तेवढंच राहिलं होतं, आणि मधल्या उघड्या कातडीवर रात्रंदिवस लघवी साचत होती.

बाबा बाथरूममध्येच होते. मी दाराशी जाऊन सांगितलं, भोक मोठं पडतंय, माप बदललंय.

"चाळीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही," आतून आवाज आला.

"माप बरोबरच होतं, बाबा. अंग बदललंय. गिऱ्हाईक वाळलं तर तुम्ही जुन्या मापावर शिवता का?"

नळ बंद झाला.

"फार झोंबतं गं, ठमे."

ठमी हे माझं शाळेत जायच्या आधीचं नाव. कडी निघाली.

ते खाटेवर आडवे झाले आणि पंख्याकडे बघत राहिले. चकतीखालची कातडी सोलल्यासारखी झाली होती. मी सिस्टरला फोन केला. तिने पावडर सांगितली, आठवड्यात बरं वाटलं नाही तर घेऊन या म्हणाली. मग तिने दवाखान्यात दिलेलं, लहानमोठी भोकं असलेलं मापाचं कार्ड मी त्या लाल तोंडावर धरलं. पहिल्या दिवशी बत्तीस मिलिमीटर होतं. आता चोवीस. तेवढ्यात एक थेंब माझ्या मनगटावर पडला. बाबांनी झटकन आपल्या बनियनच्या टोकाने माझा हात पुसला, दोनदा.

नव्या चकतीवर चोवीसची खूण करून कापायला घेतली तर त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. तुझी कात्री वाकडी चालते." छातीवर चकती धरून, पडल्या पडल्या त्यांनी भोक कापलं. एक केसही इकडे तिकडे नाही. लावली स्वतःच, आणि तळवा वर दाबून बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"पुढच्या मंगळवारी अजून आकसलेलं असेल?"

मी म्हटलं, असेल.

"पडल्या पडल्या मला ते कार्ड दिसत नाही," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत राहशील?"

मी हो म्हटलं. त्यांनी शर्ट ओढून घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मी खाटेच्या कडेला टेकले. पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण त्यांनी एवढंच मागितलं होतं, म्हणून हात मांडीवरच ठेवला.