दुसरा वाचक

सार्वजनिक धोरणात नवं काय काय करून पाहिलं गेलं, यावरच्या संशोधनाचा नकाशा काढायचा होता, म्हणजे कुठे काय काम झालंय ते एका नजरेत दिसेल असं मांडायचं होतं. एकूण नऊशे चाळीस लेख. नियम एकच: प्रत्येक लेखाचा सारांश दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि समोर 'घ्या' किंवा 'वगळा' लिहायचं. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याने सावरायचं.

पहिल्या वाचक ताई, विभागातल्या सगळ्यांत जुन्या संशोधक. दुसरा वाचक तो. आणि या शहाण्याने काय केलं? दोनशे लेखांत कंटाळला, ताईंचा तक्ता उघडला आणि पुढचा सगळा रकाना उतरवून काढला. संशय नको म्हणून तीसेक ठिकाणी मुद्दाम उलटं लिहिलं. चोरी करायची, तीही नीटनेटकी!

"डोळे आलेत रे," शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाल्या होत्या. "अक्षरं नुसती पोहतात. पण तू आहेस ना मागे."

"हो ताई," तो म्हणाला होता.

आज बैठकीत विभागप्रमुख सरांनी एक लेख टेबलावर ठेवला. एका कारकुनाने आयुष्यात लिहिलेला एकुलता एक. पाण्याच्या तक्रारी रंगीत कार्डांवर घेतल्या, आणि महिनोन् महिने रखडणारी कामं आठवड्यात कशी उरकली, त्याची हकीकत.

"हा वगळलात? हा तर नकाशाच्या मधोमध हवा. ताई, न वाचताच टाकलात की काय?"

ताईंचा चेहरा उतरला. मग त्या सावरून बसल्या.

"सर, मी एकटी असते तर लगेच चूक कबूल केली असती. पण यानेही स्वतंत्र वाचून 'वगळा'च लिहिलंय. दोघांनाही तसंच वाटलं, म्हणजे सारांशातच काहीतरी कमी असेल."

त्याचे कान तापले. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण ताई आपली तीस वर्षांची अब्रू त्याच्या खोट्या रकान्यावर टेकवून बसल्या होत्या. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी वाचलाच नाही," तो खाली बघत म्हणाला. "ताई, तुमचंच उतरवलं."

"किती?"

"दोनशेनंतरचे सगळे."

सर काहीतरी कडक बोलले, ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. ताईंनी चष्मा काढून लाल डोळे पुसले, संगणक पुढे ओढला आणि दोनशे एकावा लेख उघडला.

"ताई, तुम्ही नका. मी बसतो. तुमचे डोळे..."

"असू देत," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "इतके दिवस एकटीच तर वाचत होते. फक्त मला ते माहीत नव्हतं."