मोहाचा कोळी, वांग्याचा कोळी

मी कुरखेड्याच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी मान, जड पाय आणि फिरती भिंगं, असा माझा बांधा. एकेकाळी मुलं माझ्यापुढे रांग लावत आणि कांद्याचा पापुद्रा पाहूनसुद्धा आनंदाने ओरडत. मग प्रोजेक्टर आला, भिंतीवर मोठी चित्रं दिसू लागली आणि मी कपाटात गेलो. एका भिंगाला बुरशी धरली. वाईट वाटायचं, मित्रांनो, पण सांगणार कोणाला?

एका हिवाळ्यात दोन शेजारी भांडतच प्रयोगशाळेत आले. दसरूच्या हातात मोहाची डहाळी होती, नथ्थूच्या हातात वांग्याचं पान. दोन्हींवर रस शोषणाऱ्या किडीचे फिकट डाग आणि बारीक जाळं.

“याच्या मोहावरचे लाल कोळी माह्या वांग्यावर उतरून राह्यले,” नथ्थू म्हणाला. “आपल्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचं ते झाड तोडणंच लागते.”

“काऊन तोडू? त्याची फुलं विकून आमचा उन्हाळा निघते, भाऊ!” दसरू म्हणाला.

प्राणिशास्त्राच्या मंजुषा मॅडमनी मला बाहेर काढलं, मऊ कापडाने पुसलं आणि दोन्ही पानं आळीपाळीने माझ्याखाली ठेवली. दोन्हीकडे आठ पायांचे, लालसर, रांगणारे ठिपके.

“पाहा! एकच हायेत,” नथ्थू म्हणाला. दसरूचा चेहरा उतरला.

“थांबा, भाऊ. या साऱ्या माद्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “यांची जात ओळखायची तर नर पाहिजे. तो लहान असतो, मागून निमुळता. त्याच्या मागच्या आकड्यावरून जात कळते.”

मग शोध सुरू झाला. नथ्थूने एकदा डोळा लावला तो काढेचना. “बापा, हा तर धागा काढून राह्यला!” वांग्यावरचा नर लवकर मिळाला, मोहावरचा काही मिळेना. शेवटी सापडला तो नथ्थूलाच. “मॅडम, हा निमुळता! पकडा, पळून राह्यला!”

मॅडमनी दोन्ही नर काचपट्टीवर घेतले. त्यांना कुशीवर वळवायचं होतं. मोहावरचा सारखा पाठीवर पडे. अखेर वळला. त्याच्या मागच्या टोकाला इवलासा आकडा होता, खाली वाकलेला. वांग्यावरच्याचा आकडा वर वळलेला होता. मॅडमनी फोटो नागपूरच्या एका जाणकारांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं : मोहावरचा ऑलिगोनिकस, वांग्यावरचा टेट्रानिकस. प्रजातीच वेगळी!

नथ्थू मोठ्याने हसला. “म्हणजे मोहाचा काईच दोष नाई! राहू दे तुहं झाड, दसरूभाऊ. मी वांग्याले खालून पाण्याचा फवारा मारतो.”

“मोहाची फुलं पडली का तूही ये वेचाले,” दसरू म्हणाला.

आता माझी जागा खिडकीजवळ आहे. नथ्थू बाजाराला आला, की कुठलं तरी पान घेऊन माझ्याकडे डोकावतोच.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला उजेडात आणा. भिंगाला बोट लावू नका, काम झालं की झाकून ठेवा. आणि कोणावर आळ घ्यायच्या आधी त्याला एकदा नीट, जवळून पाहा.